दशमीची भरती

या, पुढे सरकून बसा. दाराशी आहात त्यांनीही आत या, चपला कुठे जात नाहीत. ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही, म्हणून पेटीचा भाता आज बांधूनच ठेवला आहे. एरवी मी कीर्तनाचा वेडा माणूस. कुठे कीर्तन आहे असं कळलं की ताटावरून उठून जाणारा. पण आज राजाची किंवा ऋषीची कथा सांगणार नाही. सौदीच्या किनाऱ्यावर, पाण्याने वेढलेल्या एका खोपीत माझ्या हातून काय झालं ते सांगतो. खरं सांगतो, एवढं वचन देतो.

रास अल खैरला एका कारखान्यात मी विजेच्या देखभालीचं काम करतो. अकरा वर्षं झाली. बायको पद्मजा आणि लेक चारुता पुण्यात, मी तिकडे कंपनीच्या क्वार्टरमध्ये. क्वार्टरच्या भिंती पातळ. शेजारचा केरळचा माणूस रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. गुणगुणायला कुणाची ना नव्हती, पण कीर्तन काही गुणगुणता येत नाही. त्याला छाती भरून श्वास लागतो. तो श्वास मला जलालभाईंच्या खोपीत मिळाला.

जलाल परकार मूळचे दाभोळ खाडीच्या काठचे. सव्वीस वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवर कामाला म्हणून आले आणि पुढे कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या अरबी मालकाने, त्यांना एका वाळूच्या दांड्यावरची आपली खोपी सांभाळायला ठेवलं. खोपी म्हणजे प्लायवूडच्या दोन खोल्या, छपरावर सोलरच्या पाट्या आणि बाजूला लोखंडी घोडीवर निळी पाण्याची टाकी. हिवाळ्यात कफील दोस्तांना घेऊन मासे मारायला यायचा. उरलेलं वर्ष जलालभाई, तिवरं आणि बगळे. धक्क्यापासून खोपी तासाभराच्या अंतरावर. मोटरबोट होती, पण तिचं इंजिन नेहमी कुणाच्या तरी पुढ्यात उघडून पडलेलं, त्यामुळे आमचं जाणंयेणं कयाकमधून. जलालभाई तिला होडकंच म्हणायचे. धक्क्यावरच्या तटरक्षकांच्या चौकीत इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, दाखवायचा, नाव लिहायचं, मी पुढच्या खाचेत बसायचं, त्यांनी मागच्या. ते "यल्ला बुवा" म्हणाले की मी वल्हं मारायचो. पाणी कधी असतं, कधी नसतं, हे मी अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. ते म्हणायचे निघू, की निघायचं.

मला ते बुवा म्हणायचे. नाव श्रीकांत आहे हे त्यांच्या भाच्याला, कादिरला ठाऊक होतं. जलालभाईंना ते आठवत असेल की नाही, शंकाच. खोपीत मी उभा राहून गायचो आणि ते पाण्याचा रिकामा कॅन मांडीवर घेऊन ठेका धरायचे. ताल पक्का. लहानपणी त्यांच्या वाडीशेजारच्या देवळात सप्ताह बसायचा, तेव्हा हे बाहेर पारावर बसून सगळं ऐकायचे. कुठे झील उचलायची ते त्यांना सांगावं लागत नसे. एखादी ओळ मी घाईत उरकली तर म्हणायचे, "बुवा, विमान पकडायचं आहे काय? परत म्हणा."

माझ्या गळ्यात माळ आहे, मासळी चालत नाही, हे त्यांनी घरी सांगितलेलं. तर त्यांच्या बायकोने, हफीजाभाभींनी, कादिरच्या हाती वेगळी कढई पाठवली. तिच्या कानाला लाल दोरा बांधलेला. निरोप असा, की हिच्यात मासळी शिजवलीत तर मला इथे वास येईल. मी त्यांना कधी पाहिलं नाही. फक्त आवाज ऐकला. खोपीत सगळीकडे मोबाईलला रेंज नसायची. टाकीच्या घोडीवर चढलं की मिळायची, आणि दाराबाहेर एका दगडावर मिळाली तर मिळायची. जलालभाई रोज दुपारी घोडीवर चढायचे आणि वरून त्या दोघांचं बोलणं मला खाली ऐकू यायचं.

यंदा रमजान ईदच्या दिवसांत मी सलग ड्यूटी केली, म्हणजे आमच्या विभागातल्या मुसलमान पोरांना सण मिळाला. त्या बदल्यात मला तीन दिवस सुट्टी मिळाली ती नेमकी रामनवमीला धरून. अष्टमीला खोपीत पोचलो. नवमीला सकाळी मी सुंठवडा केला, जलालभाईंनी जाळ्याच्या दोरीने आणि धुतलेल्या उपरण्याने पाळणा बांधून दिला. गाठ अशी मारली की राजवाड्यातला पाळणाही इतका घट्ट नसेल. मी रामजन्माचं कीर्तन लावलं. भाभींनी ऐकायचं म्हटलं म्हणून फोन दगडावर ठेवला होता, स्पीकर लावून. मी रंगात आलेलो, दशरथाच्या घरी सगळी वाट बघत आहेत, आणि फोनमधून आवाज, "बुवा, बाळ जन्मलं की नाय अजून? माझा भात करपतोय."

जलालभाई म्हणाले, "गप गं. बारा वाजायचे आहेत."

"इकडं अडीच होत आले. आमच्या वाडीतला राम कधीच जन्मून झोपला. तुमच्याकडचा काय विमानानं येतो?"

मी हसलो, ताल चुकला, आणि जलालभाईंनी कॅनवर असा दणका दिला की बगळे उडाले. भाभींचा आवाज मी शेवटचा ऐकला तो असा.

दुसरा दिवस दशमीचा.

सकाळी जलालभाई जाळी बघायला गेले ते दोनच्या आधी थोडे आले. ऊन लागलं होतं, कंबर धरली होती. मी लाल दोऱ्याच्या कढईत वांग्याची भाजी केली होती, ती भाताशी खाल्ली, म्हणाले, "साडेतीनला नाय उठलो तर हलवा, असरच्या नमाजाला," आणि आडवे झाले. दोन मिनिटांत घोरायला लागले. मी भांडी घेऊन बाहेर आलो तर दगडावर ठेवलेला माझा फोन वाजत होता. दोन वीस झाले होते.

कादिर होता. जुबैलला दुकानात काम करतो, शांत पोरगा. पण त्या दिवशी श्वास लागला होता. "श्रीकांतकाका, मामूंचा फोन लागत नाही. मामी सकाळी आंगणात पडली. डोक्यात रक्तस्राव आहे. चिपळूणला हॉस्पिटलात आणलं आहे. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र निघाली तर निघाली. मी तिकीट काढलं आहे, दम्मामवरून दहा चाळीसचं. कफीलला फोन केला, त्यानं मोबाईलवरून जाण्यायेण्याचा परवाना दिला पण. मामूंना धक्क्यावर आणा, मी गाडी घेऊन निघतो आहे."

मी म्हणालो, "आणतो. तू नीट चालव."

इथून पुढचं नीट ऐका. वाईट मनाने मी काही केलं नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता त्याचा मलाच कंटाळा आला आहे.

माझं गाव गुहागरच्या बाजूला. वडील कीर्तनं करायचे, खाडीपलीकडच्या गावांतून बोलावणं यायचं आणि पलीकडे जायला तर, म्हणजे माणसं नेणारी होडी. ती भरतीला सुटणार. घड्याळ घरात एकच, तेही अधूनमधून बंद. पण वडिलांना घड्याळ कधी लागलं नाही. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. आमच्याकडे शेंबडं पोरही हा हिशोब करतं, आणि तो चुकताना मी बालपणात कधी पाहिला नाही. वडिलांचा हात धरून मी धावत खाडीवर पोचायचो आणि पाणी बरोबर पायरीला लागलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी एकादशीचा उपवास, त्यामुळे तिथी माझ्या डोक्यात ताजी होती. दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसातला भरती पुरी, होडकं तरंगण्याइतकं पाणी साडेपाचला. साडेपाचला निघू, साडेसहाला धक्का, साडेआठला विमानतळ. विमान दहा चाळीसला. बसतंय सगळं. आणि आत्ता अडीच. आत्ता उठवून सांगितलं तर हा माणूस तीन तास काय करील? पाणी नाही, बोट नाही, नुसता येरझारा घालील. मी दारातून पाहिलं. हात छातीवर, तोंड थोडं उघडं. मनात म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला. पुढे किती दिवस झोप मिळायची नाही त्याला. असर होऊ दे, चहा पोटात जाऊ दे, मग सांगतो.

खोपीच्या पाठीमागे तिवरांच्या पलीकडे खाडी होती. मी पाठीमागे गेलो असतो तर वीस पावलं होती. गेलो नाही. गणित झालं होतं, मग बघायचं काय? मी पुढच्या बाजूला बसून, तुम्हाला सांगायला लाज वाटते, नामस्मरण करत होतो. भाभींसाठी.

साडेतीनला ते आपोआप उठले. हातपाय धुतले, नमाज पढले. मी चहा केला. ते कंबरेबद्दल बोलत होते. म्हणाले, "बुवा, ह्या वर्षी नोकरी खलास करून जातो. कफीलला बोललो पण. हफीजा म्हणते, ये आता, मला भांडायला कोण नाय." मी कप धरून बसलो होतो. हे ऐकल्यावर आणखी थोडा वेळ गेला. साडेचारला सांगितलं.

मी सगळं एका दमात सांगितलं: काय झालं, कुठे आहे, तिकीट आहे, परवाना आहे, कादिर गाडी घेऊन धक्क्यावर आहे. आणि शेवटी, जणू चांगली बातमी देतोय अशा सुरात म्हणालो, "एका तासात पाणी येईल. आज दशमी ना. साडेसातची भरती."

ते उठले. माझ्याकडे न बघता पाठीमागे गेले. मी मागून गेलो.

तिवरांच्या मुळांपासून थेट पलीकडच्या ओळीपर्यंत चिखल होता. काळा, चकचकीत. मधे होडकं, जिथे त्यांनी दुपारी बांधलं होतं तिथेच, एका कुशीवर कललेलं. खेकडे बाहेर आले होते.

"ते आपल्या गावचं गणित, बुवा," ते म्हणाले. "इथं नाय चालत. इथलं पाणी दीडला भरलेलं."

मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, कादिरला लावायला. पडद्यावर त्याचा आधीचा फोन दिसत होता. वेळेसकट. ते बघत राहिले.

"दोन वीसला इथं छातीभर पाणी होतं," म्हणाले. आवाज चढवला नाही. शिवी दिली असती तर मी पायावर डोकं तरी ठेवलं असतं.

कफीलने दहा मिनिटांत परवाना दिला. कादिरने वीस मिनिटांत तिकीट काढलं. दोन तास फक्त मी घेतले होते.

ते वळले, पिशवीत पासपोर्ट आणि इकामा टाकला, आणि म्हणाले, "धरा पुढून." होडकं चिखलातून ओढत नेलं तर एक किलोमीटरवर वाहतं पाणी होतं. आम्ही ओढलं. पहिली पन्नास पावलं गेलो. मग चिखल गुडघ्याला आला, मग मांडीला. तिवरांची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली, माझा पाय फाटला. त्यांचा फाटला की नाही त्यांनी सांगितलं नाही. मी पडलो, उठलो, परत पडलो. मी चौकीला फोन लावायचं म्हटलं. जलालभाई म्हणाले, "त्यांची बोट आपल्याहून खोल. ती कुठून येणार?" तरी मी परत कडेला जाऊन, दगडावर उभं राहून फोन केला. चौकीवरच्या माणसाने नीट ऐकून घेतलं, वाईट वाटलं त्याला, आणि त्याने तेच सांगितलं. पहाटेच्या भरतीआधी काही होणार नाही.

मी परत चिखलात उतरलो तेव्हा ते होडक्याच्या कडेला धरून उभे होते. पाऊण तासात आम्ही दोनशे पावलं आलो असू. सूर्य खाली आला होता. ते पुढे बघत होते, मग मागे, खोपीकडे. मी म्हणालो, "चला जलालभाई, ओढू. अजून होईल."

"नाय होणार." त्यांनी दोरी सोडली. "आणि इथं चिखलात रेंज नाय. विमान तर गेलंच. इथं ओढत बसलो तर तीपण जाईल, आणि तिच्या कानाशी कोण नसेल. चला मागे."

पिशवी डोक्यावर घेऊन ते परतले. मी होडकं तिथेच टाकलं.

टाकीच्या घोडीवर चढायला शिडी होती, तिचे दोन दांडे ढिले. वारा सुटला होता. ते चिखलाच्या पायांनीच वर चढले, मी खाली शिडी धरून उभा राहिलो. त्यांच्या मुलीने, अरवाने, फोन उचलला. ती चिपळूणला हॉस्पिटलातच होती. वरून जलालभाई म्हणाले, "बाळ, फोन अम्मीच्या कानाला लाव. उजव्या. डाव्यानं तिला कमी ऐकू येतं." मला वाटलं आता ते रडतील. नाही रडले. बोलायला लागले, रोज दुपारी बोलायचे तसे.

"अगं मी हाय. इथं घोडीवर. तुझ्याकडं यायला निघालो होतो, पाणी नाय. ओहोटी लागली. पाणी असतं तर आलोच असतो, तुला ठाऊक हाय ना. कादिर गाडी घेऊन आला हाय बघ, किती गुणाचा पोर. पुढच्या पाण्यानं निघतो. तू घाबरू नको. तुला एकटीला नाय सोडलं. मी बोलतोय हितं." मग थोडं थांबून, "परसातल्या माडाला पाणी घालायला नको आता, पाऊस येईल. सगळं अरवा बघेल. तू काय मनात ठेवू नको."

मग ते कलमा म्हणायला लागले. हळू, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला शिकवावं तसा. म्हणायचे, थांबायचे, परत म्हणायचे. पलीकडे अरवाही त्यांच्यामागून म्हणत होती, ते मला खाली ऐकू येत होतं. सूर्य बुडाला. मी आयुष्यभर देवाचं नाव मोठ्याने घेत आलो. त्या संध्याकाळी माझ्या वाट्याला फक्त शिडी होती. वारा आला की ती हलायची, आणि मी छाती लावून ती दाबून धरायचो, की ह्या माणसाला वर हिसका बसू नये. एकदा त्यांचा आवाज बसला तेव्हा त्यांनी खाली हात केला, मी पाण्याची बाटली वर दिली. तेवढंच.

सहा चाळीसच्या सुमाराला अरवा म्हणाली, "अब्बा, आता राहू द्या." फार मऊ म्हणाली ती. जलालभाईंनी आणखी एकदा कलमा म्हटला, पूर्ण, आणि मग फोन खाली घेतला.

ते लगेच उतरले नाहीत. मीही शिडी सोडली नाही.

पाणी पहाटे आलं. आम्ही वल्हवत गेलो. धक्क्यावर कादिर गाडीत तसाच बसलेला, त्याने मामूंना मिठी मारली तेव्हा कुठे ते रडले. दुसरं विमान दुपारचं होतं. तिकडे हफीजाभाभींचं दफन सकाळीच झालं. मय्यत ठेवून घेत नाहीत त्यांच्याकडे, आणि उन्हाळ्याचे दिवस. अरवाने विचारलं होतं, अब्बा येईपर्यंत थांबायचं का. जलालभाईंनीच नको सांगितलं. म्हणाले, "माझ्यासाठी तिला ताटकळत ठेवू नका. सव्वीस वर्षं ठेवली तेवढी बस." ते पोचले तेव्हा कबरीवरची माती ओली होती. चेहरा पाहायला मिळाला नाही.

विमानतळावर सोडताना, कादिर गाडी लावायला गेला तेव्हा, मी त्यांचे हात धरले. माफी मागितली. कशाबद्दल ते दोघांनाही ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत होते, पण मला वाटतं मी त्यांना दिसत नव्हतो.

"तुम्ही मला झोपू दिलंत," ते म्हणाले. "आणि मला झोप लागली हो बुवा. काय सांगू, अशी लागली. कंबर पण दुखत नव्हती. ती तिकडं तशी पडलेली, आणि मी इकडं सुखानं झोपलेलो. उठवून सांगितलं असतं तर चिखलात मेलो असतो तरी चाललं असतं." मग त्यांनी हात सोडवून घेतले, हिसका देऊन नाही, हळूच. "जातो. खोपीत सोलरच्या पाट्या पुसायला सांगा कफीलला. धूळ बसते."

ते परत आले नाहीत. खलास करूनच गेले, जसं ठरवलं होतं तसं, फक्त ज्याच्याशी भांडायला जायचं ते माणूस नव्हतं. मी क्वार्टरवर आलो. पंचांग काढून कपाटात ठेवलं. देवावर राग नव्हता. देवाने काय केलं? पाणी त्याने वेळेवर भरलं होतं, मी पाठ फिरवून बसलो होतो. पण गाता येईना. पुण्यात रजेवर आलो, आपल्याच मंडळात बसलो, आणि अभंगाला साथ करायला तोंड उघडलं की ती शिडी डोळ्यांपुढे यायची, आणि मी टाळ खाली ठेवायचो. तीन महिने मी कुणाच्या कीर्तनाला गेलो नाही. पद्मजा विचारायची, मी म्हणायचो, थकलोय.

आषाढात एका दुपारी त्यांचा फोन आला. तीन महिन्यांनी पहिल्यांदाच. मागे पावसाचा आवाज होता.

"कादिर सांगत होता, तुम्ही कीर्तन सोडलंत."

मी म्हणालो, "कुठल्या तोंडानं करू?"

"हे बघा बुवा. मी तुम्हाला माफ केलं की नाय ते मला अजून ठाऊक नाय. पहाटे फजरच्या नमाजाला वाटतं, केलं. दुपारी आडवा झालो की वाटतं, नाय केलं. ते माझं मी बघेन. तुमच्याकडं माझं काम वेगळं हाय. आमचं लग्न होऊन एकतीस वर्षं. मी सुट्टीला यायचो ते दिवस धरले, लग्नानंतरचे धरले, तर आठ वर्षं नाय भरत. इथं येऊन बसलोय तर शेजारीण येते, सांगते, हफीजा अशी होती, तशी होती. मला नवीन असतं ते. पाण्याला घाबरायची, ठाऊक होतं तुम्हाला? मला नव्हतं. माहेर खाडीपलीकडं, तरीतून दहा मिनिटं. ही बाई खाडीच्या काठाकाठानं पुलाला वळसा घालून जायची, पोरं काखेत घेऊन, अर्धा दिवस चालत. नवरा समुद्रावर, आणि ही होडीत पाय ठेवत नसे. मला एवढ्या वर्षांत बोलली नाय कधी. मी काळजी करीन म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला ओळखणारी माणसं किती? मी निम्मा, पोरं, चार शेजारणी. तुमच्यासमोर माणसं बसतात. गावोगाव बसतात. तुम्ही गा, आणि तिचं सांगा त्यांना. जे झालं ते पण सांगा, लपवू नका. पण तिचं सांगा."

म्हणून आज सांगितलं. माझं पाप हलकं व्हावं म्हणून नाही. ते माझ्याजवळ असू दे, मला त्याची सवय झाली आहे. त्यांनी काम सांगितलं ते केलं, इतकंच.

आता उठायच्या आधी माझं एक मागणं आहे. हफीजा जलाल परकार. नाव लक्षात ठेवा. आज घरी जाल, दिवा लावाल, किंवा नमाजाला उभे राहाल, जे काही तुमचं असेल ते, तेव्हा ह्या बाईला एकदा आठवा. तुम्ही तिला पाहिलं नाही. मीही नाही. काखेत पोर घेऊन, खाडी उजव्या हाताला ठेवून ती काठाकाठाने चालली आहे, तेवढं डोळ्यांपुढे आणा, आणि पुलापर्यंत तिच्यासोबत चला.